मधुमेह, टाइप १ (बालकांचा) : बेंगळुरूतील पालकांसाठी
शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट केल्यामुळे इन्सुलिन तयार होणे थांबते, त्या आजाराला टाइप १ मधुमेह म्हणतात. लहान मुलांचा मधुमेह बहुधा याच प्रकारचा असतो. तो गोड खाल्ल्याने होत नाही. आईच्या लाडांना बोल लावणाऱ्या नातेवाइकांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले, तोवर या निदानानंतर मूल फार काळ जगत नसे. आजही इन्सुलिन बंद करून मुलाला काढ्या-चूर्णांवर ठेवले, तर कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्ले साचणे) होऊन ते दगावू शकते.

डॉक्टरांची भेट काही आठवड्यांनी होते. मधल्या काळातले सगळे निर्णय घरात घेतले जातात, त्यामुळे आईवडिलांना शिकवणे हा उपचारच होय. बेंगळुरूत इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आणि राज्य सरकारची कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्च येथे अशा मुलांवर उपचार होतात. इन्सुलिनही याच शहराच्या परिचयाचे : येथील बायोकॉन कंपनीने २००४ मध्ये मानवी इन्सुलिन बाजारात आणले. महाराष्ट्रात गरीब घरांतल्या मुलांसाठी नागपूरच्या ड्रीम ट्रस्टने मोठे काम केले आहे.

घरातली सर्वांत धोकादायक चूक सिरिंजची. भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० ची सिरिंज साधारणतः लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने औषध ओढले, तर मुलाच्या अंगात अडीचपट इन्सुलिन जाते. म्हणून टोपणाच्या रंगावर न विसंबता कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी ताडून पाहावा. दुकानदाराने सिरिंज बदलून दिली तर ती तशीच परत करावी.

जेवणातल्या कर्बोदकांचा अंदाज घेऊन डोस ठरतो. मध्यम आकाराच्या इडलीत ती साधारण ८ ते १२ ग्रॅम असतात. ‘नाचणी मधुमेहाला चालते’ या समजुतीने नाचणीचे मुद्दे (उकडलेले गोळे) किंवा अंबिल मोजायचे सोडू नये; तेही पिष्टच आहे आणि पातळ अंबिलीने साखर लवकर चढते. पंगतीतला होळिगे (पुरणपोळी) मुलाने खाल्ला तरी बिघडत नाही, त्या हिशेबाने इन्सुलिन द्यायला हवे. रोज ‘नाही’ ऐकणारे मूल चोरून खाते आणि तो घास कोणाच्याच हिशेबात येत नाही.

रक्तशर्करा डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, मूल विनाकारण चिडते. अशा वेळी लगेच ग्लुकोज द्यावे (मोठ्या मुलाला १५ ग्रॅम, लहानग्याला वजनानुसार कमी) आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनचे इंजेक्शन द्यावे, नसल्यास थेट रुग्णालय गाठावे. सिल्क बोर्डच्या कोंडीत शाळेची बस तासभर अडकू शकते, म्हणून ग्लुकोजची एक पुडी दप्तरात आणि दुसरी बसच्या मदतनिसाकडे हवीच. ताप-उलटीत मूल जेवत नसले तरी बेसल (दीर्घकाळ काम करणारे) इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. कीटोन तपासून डॉक्टरांना फोन करावा.

दहा-बारा वर्षांचे मूल स्वतः टोचून घेऊ लागते. तेवढ्यावरून जबाबदारी सोपवून मोकळे होणे मात्र घाईचे ठरते. पौगंडावस्थेत संप्रेरकांमुळे साखर मुळातच आवरत नाही, तेव्हा जास्त आकडा दिसला म्हणून रागावू नये. रागावल्यास मूल पुढच्या वेळी खोटा आकडा सांगते.

सीबीएसईने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन टोचू द्यावे, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये शाळांसाठी कळवले. पालकांनी वर्षारंभीच डॉक्टरांच्या पत्रासह शाळेला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.