गिअर, उतार आणि एक जुनी सवय

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं गिअर आणि ॲव्हरेजशी काय काम?" काम आहे, आणि ते जुनं आहे. आमची नोकरी साताऱ्याला, सासुरवाडी सांगलीची. सातारा, कराड, पेठ नाका, इस्लामपूर, सांगली हा सव्वाशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आम्ही उमेदीची सगळी वर्षं दुचाकीवर केला. मास्तराच्या पगारात लिटरला किती जाते हा प्रश्न चैनीचा नव्हता. पण आजच्या विषयाचं मूळ त्या रस्त्यावर नाही, यवतेश्वरच्या घाटात आहे.

1982 साली, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही आणि कॉलेजातले एक मित्र डबलसीट कासहून उतरत होतो. गाडी स्कूटर. घाट लागला तशी आम्ही ती न्यूट्रलला टाकली आणि इंजिनही बंद केलं. पेट्रोल वाचवायचं म्हणून. सगळा भार ब्रेकवर. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत ब्रेक तापून ढिले पडले आणि गाडी कठड्यावर गेली. आम्हाला खरचटण्यावर निभावलं. मित्राचा पाय गुडघ्याखाली मोडला. ते आजही जिना एकेक पायरी करून चढतात. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागतं.

आता गंमत बघा. उतारावर न्यूट्रल करायची अक्कल आम्हाला आमच्या मेकॅनिकनं दिली होती, असं आम्ही बरीच वर्षं सांगत होतो. तो चुकला नव्हता. त्याचं अर्धं वाक्य आम्ही ऐकलं होतं. ते अर्धं वाक्य समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आपल्या भागाला इंजिन कळलं ते रस्त्यावर नाही, विहिरीवर. किर्लोस्कर बंधूंनी 1888 साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि 1910 साली औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1930च्या दशकात डिझेल इंजिनं होऊ लागली. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे प्रधानमंत्री होते, पण ते असो. सांगायचं ते हे की दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला इंजिन म्हणजे काय हे मोटरसायकल येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक झालं होतं.

विहिरीवरचं इंजिन एकाच चालीनं चालतं. त्याला गव्हर्नर असतो. ओझं वाढलं की तो तेल वाढवतो, ओझं कमी झालं की तेल आवरतो. फेरे जवळजवळ तेवढेच राहतात. पंप जास्त फिरवायचा असेल तर इंजिन पळवायचं नाही, पुली बदलायची. इंजिनावरची पुली मोठी केली की पंपाचे फेरे वाढतात. गिअर म्हणजे दुसरं काय हो? इंजिनाला ज्या चालीत सुख आहे त्या चालीत त्याला ठेवायचं आणि कामाचा वेग दातांनी किंवा पुलीनं जुळवून घ्यायचा. अडचण एवढीच की विहीर जागची हलत नाही आणि रस्ता दर फर्लांगाला बदलतो. म्हणून दुचाकीला एक पुली पुरत नाही.

किती पुरतात? 1975 साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात 'प्रिया' तयार होऊ लागली. आमच्या गावची म्हणून तिचा केवढा अभिमान! प्रियाला तीन गिअर, चेतकला चार. डाव्या मुठीत क्लच दाबायचा आणि मूठच फिरवून गिअर टाकायचा. इंजिन टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा, पुढं लागतील. एक, सिलिंडरमधला जळलेला धूर बाहेर ढकलायचं काम ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणच करतं, आणि ते करताना त्यातलं काही न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. दुसरं, वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल मोजून घालायचे ते आठवत असेल.

आता लांब उतार घ्या. गाडी गिअरमध्ये आहे, मूठ पूर्ण सोडलेली आहे. चाक इंजिनाला जोरात फिरवतंय, पण मूठ बंद असल्यामुळे पेट्रोल जेमतेम येतंय. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. पिस्टन कोरडा पडून इंजिन सीझ होण्याची भीती. म्हणून मेकॅनिक सांगायचा : उतारावर मूठ बंद करून गाडी नुसती सोडू नका, मध्येमध्ये क्लच दाबून थोडी रेस द्या. यात पेट्रोल वाचवण्याचा विषयच नव्हता. उलट थोडं जाळायला सांगितलं होतं! आम्ही त्यातून 'क्लच दाबा' एवढंच उचललं, क्लचचं न्यूट्रल केलं, न्यूट्रलचं इंजिन बंद केलं, आणि कारण म्हणून काटकसर चिकटवली.

नियम जिवंत राहतो आणि त्याचं कारण मधल्यामध्ये बदलतं, हे आम्ही वर्गात विधी-निषेधांच्या संदर्भात तीस वर्षं शिकवलं. स्वतःच्या स्कूटरवर ते दिसलं नाही.

1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली आणि हिशेबच बदलला. फोर-स्ट्रोक, 97 सीसी, चार गिअर. जाहिरातीत लिटरला 80 किलोमीटरचा दावा. आमची स्कूटर चाळिशीच्या पुढं सरकत नव्हती, त्यामुळे आधी कुणाचा विश्वासच बसेना. त्याच वर्षी आरएक्स 100 आली, तिचंही इंजिन जवळजवळ तेवढंच. पण ती टू-स्ट्रोक. पोरांना ती हवी, बापांना सीडी हवी. फोर-स्ट्रोकमध्ये झडपा असतात, ताजं मिश्रण फुकट बाहेर जात नाही, आणि वंगणाचं तेल खाली वेगळं असतं. म्हणजे उतारावर मूठ बंद केली तरी इंजिन कोरडं पडत नाही. जुन्या सवयीचं खरं कारण त्या दिवशी संपलं. सवय मात्र सीडी 100 वर बसून तशीच घाट उतरू लागली.

आता गिअरकडे येऊ. सपाट रस्त्यावर ताशी 45 नं जायला शंभर सीसीच्या गाडीला दीड-दोन हॉर्सपॉवर पुरते. तेवढी ताकद इंजिन दोन प्रकारे देऊ शकतं : तिसऱ्या गिअरमध्ये जास्त फेरे मारून आणि मूठ कमी उघडून, किंवा चौथ्यात कमी फेरे मारून आणि मूठ जास्त उघडून. काम तेच, पण पेट्रोल सारखं लागत नाही. एकतर प्रत्येक फेऱ्याला घर्षणाची खंडणी द्यावी लागते. फेरे जास्त, खंडणी जास्त. दुसरं, मूठ अर्धवट असली की हवेची वाटच दाबलेली असते आणि इंजिनाला अर्धं नाक धरून श्वास घ्यावा लागतो. त्या श्वासासाठीही पेट्रोल जळतं. म्हणून सपाटीवर वरचा गिअर आणि कमी फेरे स्वस्त पडतात.

पण याचाही लोकांनी मंत्र केला. 'टॉपमध्ये ठेवा, ॲव्हरेज मिळेल.' आणि पुण्याहून येताना खंबाटकी चढताना टॉपमध्ये ताशी तीसनं गाडी कण्हतेय, इंजिन ठोकतंय, आणि चालवणारा समाधानी! फेरे फार पडले की इंजिनाला ओढ उरत नाही, मूठ पूर्ण पिळावी लागते, इंजिन तापतं आणि शेवटी खालचा गिअर टाकावाच लागतो. चढावर वेळेवर गिअर उतरवणं ही काटकसरच आहे.

दूधवाल्यांचं शहाणपण इथं सांगण्यासारखं आहे. दोन्ही बाजूंना किटल्या लावून वाड्यावस्त्यांवरून येणारे काही जण पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान करून घेत. 14 दातांच्या जागी 13 बसवलं की त्याच वेगाला इंजिन सुमारे 8 टक्के जास्त फिरतं. सपाटीवर पेट्रोल जास्त लागणार हे त्यांना माहीत होतं. पण ओझ्यासकट चढावर अर्धा क्लच धरून रखडणं वाचायचं. नोकरदार माणसानं रिकाम्या गाडीला तेच केलं तर मात्र तोटा. विहिरीवरच्या पुलीचा हिशेब या लोकांनी सोडला नव्हता.

पुढं महामार्ग रुंद झाला, वेग वाढला. 2009 साली बजाजनं शंभर सीसीच्या डिस्कव्हरला पाच गिअर दिले, आणि 2019 साली प्लॅटिना 110 एच-गिअरला. त्यातला 'एच' म्हणजे हायवे. पाचव्या गिअरनं फेरे उतरतात हे खरं, पण वाऱ्यापुढं गिअरचं काही चालत नाही. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. पाच गिअरची गाडी घेऊन सत्तर-ऐंशीनं कराड गाठायचं आणि ॲव्हरेज मिळत नाही म्हणून शोरूमशी भांडायचं, हे आमच्याच घरात घडलेलं आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. त्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. अशा बहुतेक गाड्यांत, उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि मूठ बंद असेल, तर इंजेक्शन पेट्रोल सोडायचंच थांबवतं. इंजिन चाकाच्या जोरावर फिरत राहतं आणि गाडीला आवरतंही. न्यूट्रल केलं तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल लागतं. ज्या काटकसरीसाठी न्यूट्रल करायचं ती आता गिअरमध्ये राहण्यात आहे. इंजिनच बंद करणाऱ्याचे काही थेंब वाचत असतील. आमचेही वाचले असतील.

गेल्या महिन्यात नातवाच्या मागं बसून आम्ही यवतेश्वर उतरलो. त्याला दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लावलं. "आजोबा, गाडी किती ओरडतेय, पेट्रोल जाईल," म्हणाला. बाजूनं दोन गाड्या काही आवाज न करता सरकन खाली गेल्या. दोन्ही डबलसीट.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.