कंपनीचा कायदा, दोन यमुना आणि एक नंदा

१/ आष्ट्याहून सांगलीला जायला आज तासभरही लागत नाही. १८५६ साली मात्र त्याच वाटेत एक कायदा संपत असे. साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर आष्टा कंपनी सरकारच्या मुलखात आले होते. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान. त्या वर्षी जुलैत संमत झालेला विधवाविवाहाचा कायदा कंपनीच्या मुलखापुरताच होता. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने पुन्हा कोणावर जीव लावावा का, हा प्रश्न मराठी कादंबरीत आला तो या कायद्याच्या पाठोपाठ. त्याविषयी हा थ्रेड.

२/ कायदा वाचताना आपण थबकतो ते दुसऱ्या कलमापाशी. विधवेने पुनर्विवाह केला की पहिल्या पतीच्या मालमत्तेतला तिचा हक्क, जणू ती त्याच क्षणी मरण पावली असे मानून, संपुष्टात येई. पहिल्या कलमाने संसार दिला. दुसऱ्याने ती कागदावर मृत ठरली. कुणब्यांसह अनेक जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होतीच, त्यांना या कायद्याची गरज नव्हती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने पुढे हे दुसरे कलम त्यांनाही लागू केले. सुधारणेच्या इतिहासात ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

३/ १८५७. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’. यमुना पतीसह प्रवास करते, गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि मग तिच्यावरच वैधव्य कोसळते. शेवटी ती ख्रिस्ती होते व पुन्हा विवाह करते. पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झाले होते. कादंबरीत प्रचार आहे, तो लपवलेलाही नाही. पण पहिल्याच मराठी कादंबरीची नायिका दुःखानंतर पुन्हा संसाराला लागते, हे विसरता येत नाही.

४/ दुसरी यमुना म्हणजे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’मधली यमू. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. यमू स्वतःच बोलते, म्हणून तिचे दुःख अधिक जवळून ऐकू येते. रघुनाथरावांवर तिचे खरे प्रेम आहे. ते जातात आणि तिचे बळजबरीने केशवपन होते. कायदा होऊन तीस वर्षे उलटली होती; यमूच्या घराच्या उंबऱ्याआत तो पोहोचलाच नाही. माझ्या मते या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक लेखन हेच.

५/ आता सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर. ‘अमृतवेल’, १९६७. तोवर आष्टा आणि सांगली एकाच जिल्ह्यात आली होती (१९४९ साली दक्षिण सातारा, १९६० पासून सांगली) आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला वारशात पूर्ण मालकी दिली होती. नंदा तर विधवाही नाही. तिचा नियोजित वर शेखर विमान अपघातात गेला आहे. शोकात बुडालेली नंदा मैत्रिणीच्या, वसुंधरेच्या, घरी राहायला जाते आणि तिथे तिचे मन वसुंधरेच्या पतीकडे, देवदत्तकडे ओढ घेते. तिच्यापुढे न्हावी नाही, सासर नाही, कलम नाही. देवदत्तशी तिचा संसार मात्र खांडेकर होऊ देत नाहीत.