शिंदे, सिंदिया आणि श्रीगोंदा

मंडळी, श्रीगोंद्यात आडनावांचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, “आम्ही शिंदे, म्हणजे ग्वाल्हेरवाल्यांचेच ना?” आज आपण याच प्रश्नाकडे पाहू.

ग्वाल्हेरचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. तिथली पाटिलकी त्यांची. राणोजी पेशव्यांच्या फौजेत वर आले. त्यांचे पुत्र महादजी. शिंद्यांचा वाडा आपल्याकडे आजही दाखवतात. दिल्लीचं राजकारण हलवणारे महादजी स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेत. इंग्रजांच्या लेखणीत शिंद्यांचं ‘सिंदिया’ झालं, हिंदीत ‘सिंधिया’. असं लिहिणारी घरं मोजकी. शिंदे मात्र महाराष्ट्रात गावोगाव.

नावाचं मूळ काय? काही अभ्यासक ते कर्नाटकातल्या मध्ययुगीन सिंद घराण्याशी जोडतात. सिंद स्वतःला नागवंशी म्हणवत, आणि ग्वाल्हेरच्या राजचिन्हातही नाग आहे. पण चिन्ह जुळलं म्हणून वंश एक ठरत नाही. हा तर्कच समजायचा.

शिवाय १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेच, आणि विठ्ठलाची नि भीमाची गाणी घरोघरी पोचवणारे प्रल्हाद शिंदेही शिंदेच. हे आडनाव मराठ्यांत आहे, दलितांत आहे, इतर समाजांतही आहे. तेव्हा कुळाचा पुरावा आडनावात शोधू नये. तो सनदा, वतनपत्रं, वंशावळी यांत शोधावा.

आपल्या गावाचंच बघा ना. जुन्या कागदांत ते चांभारगोंदे आहे. नाव बदललं, गाव तेच राहिलं. शिंद्यांचं उलट: नाव एक, घरं अनेक.