समुद्र नसलेल्या गावची मासळी

मुस्लिम घरातली मासळी म्हटली की मराठी वाचकाला कोकणच आठवते. आमचे नेर समुद्रापासून पाचशे किलोमीटरांहून दूर. इथल्या हंडीत तळ्याधरणांतले रोहू, कतला, मरळ. त्यातले रोहू-कतला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवले, तेव्हा कुठे तळ्यांत बीज सोडणे सोपे झाले. आमचे ताट इतके अलीकडचे!

परवानगी मात्र जुनी. सूरह माइदाच्या 96व्या आयतीत समुद्रातली शिकार हलाल ठरली. भाष्यकारांनी त्यात नदी-तळीही धरली. मासळीला जबीहाही लागत नाही. (कोकणातल्या शाफईंना कोळंबी बिनदिक्कत चालते; आमच्याकडच्या हनफी उलेमांत झिंग्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही.)

कामावरून दमून आलेल्या अम्मीला हा सोपेपणाच कामी येतो. मटणाला तास लागतो, रोहू वीस मिनिटांत होतो. हळद, आले-लसूण, चमचाभर तेल आणि तवा. शेपटीकडे बारीक काटे फार, ते तुकडे मोठ्यांना, पोटाकडचे मुलांना. मरळीत काटे कमी, त्या दिवशी वाटणीचे भांडण नाही.