केलेले काम पुन्हा न करण्याची विद्या

बीदर आणि कलबुर्गी या सरहद्दीवरील जिल्ह्यांत राहणाऱ्या माणसास दुभाष्याची ओळख करून द्यावी लागत नाही. एकाने मराठीत भाव विचारावा, दुसऱ्याने कानडीत उत्तर द्यावे आणि सौदा मात्र दखनीत पटावा, हा येथील बाजाराचा नित्याचा परिपाठ. अशा बाजारात शब्दास शब्द देणारा दुभाष्या फारसा उपयोगी पडत नाही. चांगला दुभाष्या दोनदा सांगितलेली गोष्ट एकदाच पोचवितो आणि तरीही अर्थात तसूभर फरक पडू देत नाही.

संगणकाच्या जगात या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. माणूस आपली आज्ञावली स्वतःच्या सोयीच्या भाषेत लिहितो. संगणकातील प्रोसेसरला मात्र आण, ठेव, बेरीज कर, पुढे जा अशा मोजक्याच आज्ञा कळतात. या दोहोंमधील भाषांतर कंपायलरकडे असते. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी फोरट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला, तेव्हा जाणत्यांना एकच शंका होती. यंत्राने केलेले भाषांतर कसबी माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांइतके वेगाने चालेल काय? त्या शंकेच्या पोटी एक स्वतंत्र शास्त्र जन्मास आले, आणि त्या शास्त्राच्या इतिहासात मुंबईच्या पवई येथील एका मराठी प्राध्यापकाचे नाव ठळकपणे येते. ते नाव धनंजय ढमढेरे.

पवईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था, म्हणजेच आय.आय.टी., १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने स्थापन झाली, आणि तिला आरंभी मिळालेला मिन्स्क नावाचा संगणकही त्याच देशातून आला. पुढे याच संस्थेत ढमढेरे यांनी आपले संशोधन केले. १९८० साली जे. आर. आयझॅक यांच्यासह आणि १९८२ साली एस. एम. जोशी यांच्यासह (हे जोशी सुप्रसिद्ध राजकीय नेते नव्हेत) त्यांनी जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांतील एक कल्पना कोणाही मुकादमास समजेल. रोजची मजुरी ३५० रुपये असेल, तर विसाव्या दिवशी २० गुणिले ३५० असा हिशेब मांडण्याची गरज नाही. कालच्या बेरजेत ३५० मिळविले की झाले. गुणाकार हे प्रोसेसरच्या दृष्टीने महागडे काम आणि बेरीज स्वस्त. तोच हिशेब लक्षावधी वेळा फिरून करावयाचा असेल, तर ही काटकसर लहान राहत नाही.

याहून अवघड प्रश्न निराळाच होता. १९७९ साली एतिएन मोरेल आणि क्लोद रेनव्हाज या दोघा फ्रेंच संशोधकांनी तो प्रथम नीट मांडला. तो समजण्यासाठी नकाशावर हुमनाबाद शोधावे. बीदरहून कलबुर्गीच्या डाळगिरण्यांकडे जाणारा रस्ता आणि बसवकल्याणहून येणारा रस्ता हुमनाबादेस एकत्र येतात. कल्पना करा की तेथे एक नाका आहे आणि तुरीच्या प्रत्येक मालमोटारीचे वजन तेथे होते. बीदरहून आलेल्या मोटारींचे वजन बीदरलाच होऊन पावती मिळाली आहे. बसवकल्याणहून आलेल्यांचे झालेले नाही. म्हणजे हुमनाबादचे वजन काहींच्या बाबतीत निव्वळ पुनरुक्ती आणि काहींच्या बाबतीत आवश्यक. ते सरसकट बंद करता येत नाही आणि चालू ठेवणेही शहाणपणाचे नाही. मोरेल आणि रेनव्हाज यांचा तोडगा असा की बसवकल्याणलाच वजन करावे. मग हुमनाबादचा काटा उचलून टाकता येतो आणि कोणाचेही वजन दोनदा होत नाही.

परंतु बसवकल्याणहून निघालेली प्रत्येक मोटार हुमनाबादेस थोडीच येते? कित्येक सोलापूरकडे वळतात, आणि त्यांना वजनाचे कारणच नाही. बसवकल्याणला काटा बसविला, तर सोलापूरच्या मोटारींवर अकारण भुर्दंड पडतो. संगणकाच्या आज्ञावलीत असा भुर्दंड नुसता वेळेचा नसतो. जो हिशेब करावयाचाच नव्हता तो केल्याने एखादे वेळी यंत्र चुकीचा इशाराही देईल. म्हणून अशा ठिकाणी फ्रेंचांची पद्धत स्वस्थ बसे आणि पुनरुक्ती तशीच राहून जाई.

ढमढेरे यांनी १९८८ साली आणि पुन्हा १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सुचविलेला उपाय ऐकल्यावर इतका सोपा वाटतो की तो आधी कोणी का योजिला नाही, याचे नवल वाटावे. काटा गावात बसवू नका. बसवकल्याण आणि हुमनाबाद यांमधील रस्त्यावर बसवा. त्या रस्त्यावरून केवळ हुमनाबादचीच मोटार जाते, त्यामुळे सोलापूरच्या वाहनास तोशीस लागत नाही. १९८८ मध्येच ड्रेक्सलर आणि स्टाडेल यांनीही फ्रेंच पद्धतीतील एका दोषावर उपाय प्रसिद्ध केला होता. एकाच अडचणीवर एकाच वर्षी दोन ठिकाणी विचार होणे, हे प्रश्न पक्व झाल्याचे लक्षण मानावे लागेल.

तो पक्व होण्यास प्रोसेसरची रचनाही कारणीभूत होती. आय.बी.एम.मधील जॉन कॉक हे कंपायलरच्या शास्त्राचे एक अध्वर्यू. त्यांच्याच विचारांतून सत्तरीच्या दशकात ८०१ नावाचा संगणक आकारास आला. प्रोसेसरला थोड्या आणि साध्या आज्ञा द्याव्यात, त्या वेगाने पार पडाव्यात आणि अक्कलहुशारीचे काम कंपायलरवर सोपवावे, हे त्यामागील सूत्र. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांनी हीच दिशा धरली, आणि तेथेच १९८३ साली फ्रेडरिक चाऊ यांनी मोरेल-रेनव्हाज पद्धत सुधारून आपल्या कंपायलरमध्ये वापरली. यंत्र जितके साधे, तितका दुभाष्या चतुर हवा.

या चातुर्याला एक मर्यादा मात्र आहे. वजन आधीच करून घेतले की पावती खिशात बाळगावी लागते, आणि प्रोसेसरला खिसे थोडे. या खिशांना रजिस्टर म्हणतात. एमआयपीएस जातीच्या प्रोसेसरांत सर्वसाधारण कामासाठी ते ३२ असत. पावत्या फार लवकर फाडल्या तर खिसे भरून जातात. १९९२ साली क्नूप, र्यूटिंग आणि स्टेफेन या जर्मन संशोधकांनी या दुखण्यावर नेमके औषध शोधले. वजन टाळता येईल तेवढे टाळायचे, परंतु जे करायचे ते शक्य तितक्या उशिरा. त्यांनी आपल्या रीतीला चक्क आळशी असे विशेषण दिले. फ्रेंच पद्धतीत प्रत्येक नाक्याला पुढच्या आणि मागच्या दोन्ही नाक्यांशी पत्रव्यवहार करावा लागे. ढमढेरे यांनी तो बराच कमी केला होता. जर्मनांनी तो पूर्णपणे एकतर्फी केला. पुढे कंपायलर बांधणाऱ्यांनी बहुतांशी हीच रीत पत्करली. पवईच्या पद्धतीचा तो पराभव होता काय? काही अंशी होय, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पण दुतर्फा पत्रव्यवहाराचा मूळ प्रश्न बाकीच होता. एकाच दिशेने जाणारी माहिती किती फेऱ्यांत स्थिर होते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. दोन्ही दिशांनी जाणारी किती फेऱ्या घेते, याचा समाधानकारक हिशेब कोणाजवळ नव्हता. ढमढेरे यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी आपल्या गुरूंसह तो मांडला. त्यांचे निबंध १९९३ आणि १९९४ साली प्रसिद्ध झाले. आज्ञावलीच्या नकाशाला त्यांनी रुंदी नावाचे एक माप दिले आणि फेऱ्यांची संख्या त्या मापाच्या मर्यादेत राहते, असे सिद्ध केले. एखादी पद्धत मागे पडली तरी ती का चालत होती आणि कितपत महाग होती, हे सांगणारे गणित मागे पडत नाही. गुरूच्या कामाचा पाया शिष्याने नंतर खणून पाहावा आणि तो पक्का निघावा, हा योग विद्येच्या प्रांतातही दुर्मीळच.

ढमढेरे यांची कंपायलर आणि संगणकप्रणाली यांवरील इंग्रजी पाठ्यपुस्तके देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून वाचली गेली. खेडकर काही वर्षे पुणे विद्यापीठात शिकवून पवईस परतले. २००९ साली अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी या विषयावर एक ग्रंथ लिहिला. जी.सी.सी. नावाचा, १९८७ साली प्रथम प्रसृत झालेला आणि सर्वांना खुला असलेला कंपायलर आतून कसा चालतो, हे शिकविण्यासाठी त्यांनी पवईस एक केंद्रही चालविले. त्या जी.सी.सी.मध्ये पुनरुक्ती काढून टाकणारा जो भाग आहे, त्याच्या मूळ संहितेत बांधणाऱ्यांनी आधारभूत निबंधांची एक यादी टिपून ठेवली. तीत मोरेल आणि रेनव्हाज आहेत, चाऊ आहेत, क्नूप आणि त्यांचे सोबती आहेत. आणि त्यांच्याच रांगेत १९८८ आणि १९९१ या दोन सालांपुढे डी. एम. ढमढेरे हे नाव आहे.