कुतच्या वेढ्यातील मराठा पलटणी

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढले. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जानेवारीत पुराचे पाणी खंदकांत शिरले. शिधा घटत गेला. घोड्याचे मांस बहुतेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नाकारले. परिणामी उपासमार आणि स्कर्व्हीने त्यांनाच अधिक ग्रासले. या नकाराला निव्वळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याची धास्ती खरी होती. विमानांतून टाकलेले धान्य पुरले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. वाळवंटातील पायपीट आणि रेल्वेमार्गावरील सक्तमजुरीत हजारो कैदी दगावले. इकडे सातारा जिल्ह्यातील अनेक गावांत युद्धानंतर सरकारने किती माणसे लढाईवर गेली, किती मेली याचे आकडे कोरलेल्या शिळा बसवल्या.