कागदपत्रे नसलेल्यांचा अर्ज : कॅलिफोर्नियातील शैक्षणिक अर्थसहाय्याचा इतिहास

सप्टेंबर १९७७. टेक्सास राज्यातील टायलर हे शहर गुलाबांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या संघीय न्यायालयात एका दाव्याची सुनावणी पहाटे सहा वाजता ठेवण्यात आली होती. वादी मंडळींना दिवसाढवळ्या न्यायालयाची पायरी चढण्याचीच धास्ती होती, म्हणून न्यायमूर्ती विल्यम वेन जस्टिस यांनी ही आडवेळ निवडली होती. मेक्सिकोतून आलेली चार कुटुंबे, जवळ वास्तव्याचा परवाना नाही, आणि तक्रार एवढीच की आमच्या मुलांना शाळेत बसू दिले जात नाही. एका कुटुंबाने तर घरातली चीजवस्तू गाडीत भरूनच आणली होती. न्यायालयातून परस्पर सीमेपलीकडे रवानगी झालीच, तर निदान अंगावरचे कपडे आणि भांडीकुंडी सोबत असावीत.

टेक्सासने १९७५ मध्ये एक कायदा केला होता. देशात कायदेशीर प्रवेश न केलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्य शाळांना पैसा देणार नाही, असे त्यात म्हटले होते. टायलरच्या शाळांनी मग अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर शुल्क लावले. गुलाबाच्या मळ्यांत आणि मांस कारखान्यांत राबणाऱ्या आईबापांना ते झेपणे शक्यच नव्हते.

हा खटला ‘प्लायलर विरुद्ध डो’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने मुलांच्या बाजूने लागला. न्या. विल्यम ब्रेनन यांच्या निकालपत्राचा गाभा असा : राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षण राज्याच्या हद्दीतील प्रत्येक व्यक्तीला आहे, आणि आईवडिलांनी सीमा ओलांडली याची शिक्षा मुलांना देता येत नाही. खटल्याच्या नावातले ‘प्लायलर’ म्हणजे टायलरचे शाळाप्रमुख जेम्स प्लायलर. आपण हरलो ते बरेच झाले, अशी कबुली त्यांनी पुढे अनेक वर्षांनी दिली. ‘डो’ हे मात्र कोणाचेच नाव नव्हे. खरी नावे झाकण्यासाठी अमेरिकी न्यायालये वापरतात तो तो मुखवटा.

हा निकाल बारावीच्या वर्गाशी येऊन थांबतो, आणि इथून पुढचा सारा इतिहास त्या थांबण्यातून घडला आहे. सहाव्या वर्षी शाळेत आलेले मूल अठराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडते, तोवर राज्याने त्याच्यावर बारा वर्षे खर्च केलेला असतो. दुसऱ्या दिवसापासून तेच राज्य त्याला परका ठरवू शकते.

महाविद्यालयाच्या दारात दोन अडथळे असतात. पहिला शुल्काचा. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे राज्यातील रहिवाशाला एक शुल्क लावतात आणि बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. डोमिसाईलच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्या मराठी वाचकाला ‘रहिवासी’ या शब्दाचे वजन वेगळे सांगायला नको. दुसरा अडथळा अर्थसहाय्याचा. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातून वाढलेली संघीय मदत, म्हणजे पेल अनुदान आणि सरकारी कर्जे, नागरिकांना आणि ठरावीक कायदेशीर स्थलांतरितांनाच मिळते. त्यासाठी भरायचा ‘फाफ्सा’ नावाचा अर्ज कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यासाठी निरुपयोगी असतो. उरते ती राज्याची मदत.

कॅलिफोर्नियात ही लढाई प्रथम शुल्कावर झाली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी राज्यातील विद्यापीठांनी अशा विद्यार्थ्यांना अनिवासी ठरवायला सुरुवात केली. काही विद्यार्थ्यांनी दावा लावला आणि १९८५ मध्ये अलामेडा परगण्याच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. तो निकाल ‘लेटिशिया ए.’ या नावाने ओळखला जातो. इथेही आडनावाच्या जागी एक अक्षर. पुढची काही वर्षे दार उघडे राहिले. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नोंदणी विभागातील ब्रॅडफर्ड नावाच्या एका कर्मचाऱ्याने, हा नियम राबवायचा नाही म्हणून नोकरी सोडून विद्यापीठालाच न्यायालयात खेचले. १९९० मध्ये त्याची सरशी झाली आणि दार पुन्हा लागले. एका कारकुनाच्या हट्टाने हजारोंची वाट बंद झाली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण १९९४ च्या नोव्हेंबरात ‘प्रस्ताव १८७’ सुमारे ५९ टक्के मतांनी संमत झाला, तेव्हा हा हट्ट एकट्याचा नव्हता हे उघड झाले. त्या प्रस्तावाने कागदपत्रे नसलेल्यांना सरकारी शाळांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वत्र मज्जाव केला होता. संघीय न्यायालयाने तो रोखला. राजकीय वारे मात्र कोणत्या दिशेचे आहे ते साऱ्या देशाला कळले.

त्याच वाऱ्यात १९९६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन कायदे झाले. या विषयाचा सारा गुंता आणि त्यातून काढलेली सारी वाट या दोन कायद्यांच्या वाक्यरचनेत आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. पहिला, ऑगस्टमधला, कल्याणकारी योजनांविषयीचा. कागदपत्रे नसलेल्यांना राज्याचे लाभ मिळणार नाहीत, असे तो म्हणतो. पण एक फट ठेवतो. एखाद्या राज्याला ते द्यायचेच असतील, तर त्याने २२ ऑगस्ट १९९६ नंतर तसा स्पष्ट कायदा करावा. जुन्या कायद्याचा आधार चालणार नाही आणि विद्यापीठाचे परिपत्रकही पुरणार नाही. लोकप्रतिनिधींनी उघड मतदान करून जबाबदारी घ्यावी, असा त्याचा अर्थ. दुसरा कायदा सप्टेंबरमधला, स्थलांतराविषयीचा. अशा व्यक्तीला राज्यातील ‘वास्तव्याच्या आधारावर’ उच्च शिक्षणाचा कोणताही लाभ देता येणार नाही. द्यायचा असेल तर तोच लाभ देशातील कोणत्याही नागरिकाला, तो कुठेही राहत असला तरी, मिळाला पाहिजे.

वरवर पाहता हे दार बंदच वाटते. आपल्या राज्यातील मुलांना स्वस्त शुल्क देण्यासाठी साऱ्या देशाला ते कोण देईल? पण कायदा लिहिणाऱ्यांनी ‘वास्तव्याच्या आधारावर’ हे शब्द वापरले होते, आणि कायदा वाचणाऱ्यांनी ते नीट वाचले.

२००१ मध्ये कॅलिफोर्नियाचे आमदार मार्को फायरबॉ यांनी मांडलेल्या ‘एबी ५४०’ या विधेयकात वास्तव्याचा प्रश्नच गाळला गेला. त्यात विचारले गेले ते एवढेच : राज्यातल्या माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिकलात काय, आणि तिथून उत्तीर्ण झालात काय? होकार असेल तर अनिवासी शुल्क माफ. विद्यार्थी ‘निवासी’ ठरत नाही, त्याला केवळ सूट मिळते. कॅलिफोर्नियात शाळा करून कुटुंबासह नेवाडात गेलेला अमेरिकी नागरिकही तीच सूट घेऊ शकतो. कागदपत्रे नसलेल्याला आणखी एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते : कायदेशीर दर्जासाठी आपण अर्ज केला आहे किंवा पात्र होताच करू. त्यांतल्या बहुतेकांना अर्ज करता येईल अशी रांगच अस्तित्वात नाही, हे सही घेणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याच वर्षी संसदेत मांडला गेलेला ‘ड्रीम ॲक्ट’ ती रांग निर्माण करणार होता. डिसेंबर २०१० मध्ये तो प्रतिनिधिगृहातून पार पडला आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ असे बहुमत असूनही अडला, कारण चर्चा थांबवायला ६० मते लागतात.

शब्दांची ही काटेकोरी न्यायालयात कामी आली. अनिवासी शुल्क भरणाऱ्या परराज्यातील काही विद्यार्थ्यांनी ‘एबी ५४०’ ला आव्हान दिले. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा वैध ठरवला. निकाल लिहिणारे न्या. मिंग चिन पुराणमतवादी गणले जात. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : सूट शाळेच्या आधारावर आहे, वास्तव्याच्या नव्हे.

शुल्क कमी झाले, तरी ते भरायचे कशातून? २००१ ते २०११ ही दहा वर्षे मोठी विचित्र गेली. विद्यार्थी विद्यापीठात प्रवेश घेऊ शकत होता, पण राज्याचे कॅल ग्रँट अनुदान त्याला मिळत नव्हते, संघीय कर्ज मिळत नव्हते आणि उघडपणे नोकरीही करता येत नव्हती. एक सत्र शिकायचे, पुढचे सत्र बांधकामावर किंवा घरकामात पैसे जमवायचे, पुन्हा परतायचे. कित्येकांची पदवी अशी तुकड्यातुकड्यांनी झाली. गिल सेडियो हे लोकप्रतिनिधी मदतीचे विधेयक पुनःपुन्हा मांडत राहिले आणि गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर, जे स्वतः ऑस्ट्रियातून आलेले स्थलांतरित, त्यावर पुनःपुन्हा नकाराधिकार वापरत राहिले.

२०११ मध्ये जेरी ब्राउन गव्हर्नर झाले. या खेपेस सेडियो यांनी विधेयकाचे दोन तुकडे केले. ‘एबी १३०’ मध्ये विद्यापीठांमार्फत दिल्या जाणाऱ्या खासगी देणग्यांच्या शिष्यवृत्त्या; त्यावर जुलैमध्ये लॉस एंजेलिस सिटी कॉलेजच्या ग्रंथालयात सही झाली. ‘एबी १३१’ मध्ये सरकारी पैसा. त्यावर ८ ऑक्टोबरला. त्या वर्षी राज्याची तिजोरी रिकामी होती आणि विद्यापीठांचे शुल्क वाढत होते, त्यामुळे ‘आमच्या मुलांचे काय’ हा विरोधकांचा सवाल पोकळ नव्हता. ब्राउन यांनी उत्तरादाखल अर्थखात्याचा अंदाज पुढे केला : सुमारे २,५०० विद्यार्थी, १ कोटी ४५ लाख डॉलर, म्हणजे कॅल ग्रँटच्या १४० कोटींपैकी एक टक्का. शिवाय मोजक्याच जागांच्या स्पर्धात्मक अनुदानात या विद्यार्थ्यांचा क्रमांक इतर सर्व पात्र अर्जदारांनंतर ठेवण्यात आला. तरीही कायदा सार्वमताने रद्द करण्यासाठी सह्यांची मोहीम निघाली. लागणाऱ्या पाच लाखांहून अधिक सह्या मुदतीत जमल्या नाहीत.

१ जानेवारी २०१३ पासून सरकारी मदत सुरू झाली आणि तिच्यासाठी राज्याच्या विद्यार्थी सहाय्य आयोगाने स्वतंत्र अर्ज चालवला : ‘कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट अर्ज’. नाव फसवे आहे. संसदेत अडलेल्या ड्रीम ॲक्टप्रमाणे तो वास्तव्याचा कोणताही हक्क देत नाही. देतो ती फक्त फी. सामाजिक सुरक्षा क्रमांक नसला तरी तो भरता येतो. त्यात कुटुंबाचे उत्पन्न, आईवडिलांचे करविवरण आणि घरात किती माणसे आहेत हे भरायचे असते. आईवडील कर भरतात काय, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी : सामाजिक सुरक्षा क्रमांक नसणाऱ्यांनाही कर भरता यावा म्हणून संघीय करखाते १९९६ पासून वेगळा क्रमांक देते. ज्या वर्षी त्यांना लाभांतून वगळणारे कायदे झाले, त्याच वर्षी त्यांच्याकडून कर घेण्याची सोय झाली. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांना तर, कागदपत्रे असोत वा नसोत, सक्तीच्या लष्करी भरतीसाठी नावही नोंदवावे लागते.

अर्जाबरोबर शाळेकडून गुणांची सरासरी प्रमाणित होऊन यावी लागते, मुदत बराच काळ २ मार्चची होती, आणि ‘एबी ५४०’ चे प्रतिज्ञापत्र बराच काळ वेगळे, थेट महाविद्यालयात द्यायचे असे. कित्येकजण इथेच चुकत. अर्ज मंजूर होई आणि प्रतिज्ञापत्राअभावी पैसा अडे. २०१२ च्या ‘डाका’ योजनेने काहींना सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळाला, तेव्हा नवा घोळ झाला. क्रमांक आहे म्हणून ती मुले फाफ्सा भरू लागली, पण संघीय मदतीस ती अपात्रच होती.

किचकटपणा समुपदेशकाच्या मदतीने सुटतो. भीतीचे तसे नाही. ज्या घरात ‘पत्ता कोणाला सांगू नये’ हा पहिला धडा असतो, तिथे मुलगी सतराव्या वर्षी येऊन सांगते की आईबाबांची नावे, पत्ता आणि उत्पन्न सरकारला कळवायचे आहे. ही माहिती राज्याकडेच राहते, स्थलांतर खात्याकडे पाठवली जात नाही, असे आयोग सांगत आला आहे. तरी २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अर्ज मंदावले आणि २०१७ च्या प्रारंभी आयोगाला जाहीर आवाहने करावी लागली. हक्क तोच होता, अर्जही तोच होता.

आणि टेक्सास? ज्या राज्याने १९७५ मध्ये मुलांना शाळेबाहेर काढले, त्याच राज्याने जून २००१ मध्ये, कॅलिफोर्नियाच्याही काही महिने आधी, निवासी शुल्क आणि राज्याचे अर्थसहाय्य दोन्ही देणारा देशातला पहिला कायदा केला. त्यावर सही रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची. मात्र त्या कायद्याची बांधणी वेगळी होती. राज्यातील शाळा आणि राज्यातील वास्तव्य, दोन्ही मोजून तो विद्यार्थ्याला ‘रहिवासी’ ठरवत असे. कॅलिफोर्नियाने जो शब्द टाळला होता, तोच टेक्सासने स्वीकारला होता.

४ जून २०२५ रोजी संघीय न्याय विभागाने १९९६ च्या कायद्याचा आधार घेऊन टेक्सासवर दावा दाखल केला. राज्याने बचाव केला नाही. उलट त्याच दिवशी संमती दिली आणि न्या. रीड ओकॉनर यांनी त्याच दिवशी कायदा रद्दबातल ठरवला. चोवीस वर्षांचा कायदा सूर्यास्तापूर्वी संपला. पहाटे सहाला येऊन बसायला या वेळी कोणी वादी नव्हते, कारण ज्यांचे शिक्षण पणाला लागले होते ते विद्यार्थी या खटल्यात पक्षकारच नव्हते. काही दिवसांनी राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने सर्व विद्यापीठांना कळवले की कायदेशीर दर्जा नसलेले विद्यार्थी शोधून त्यांना येत्या सत्रापासून अनिवासी शुल्क लावावे. पात्र होताच आपण अर्ज करू, असे सहीनिशी लिहून दिलेली त्यांची प्रतिज्ञापत्रे विद्यापीठांच्या दप्तरी होतीच.